शिड्यांच्या घळी

पूर्व स्लोव्हाकियात, हाय टाट्रा पर्वताच्या दक्षिणेला, सुमारे १९८ चौरस किलोमीटरचा एक डोंगराळ प्रदेश आहे. दुरून पाहणाऱ्याला त्यात फारसे काही दिसत नाही. टाट्राच्या टोकदार, बर्फाळ शिखरांपुढे हे सपाट माथ्याचे, दाट झाडीने झाकलेले डोंगर बुटके वाटतात. त्यांतले सर्वांत उंच ठिकाण १५४५ मीटरचे, म्हणजे कळसूबाईपेक्षाही शंभर मीटरांनी कमी. या प्रदेशाचे वैभव माथ्यावर नाही, पोटात आहे. पठारांना खोलवर चिरत गेलेल्या अरुंद चुनखडकी घळी, त्यांच्या तळाशी वाहणारे ओढे, आणि त्या ओढ्यांतूनच शिड्या व साखळ्यांच्या आधाराने वर चढणाऱ्या पायवाटा यांसाठी तो ओळखला जातो. त्याचे नाव ‘स्लोव्हेन्स्की राय’, म्हणजे स्लोव्हाकियाचा स्वर्ग. १९२१ मध्ये ‘क्रासी स्लोवेन्स्का’ या नियतकालिकात गुस्ताव नेदोब्री यांनी हे नाव प्रथम वापरले आणि ते लोकांच्या तोंडी कायमचे बसले. १९६४ मध्ये या भागाला संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळाला आणि १९८८ मध्ये तो राष्ट्रीय उद्यान झाला.

या घळींमध्ये जे जे वेगळे आढळते, म्हणजे भर उन्हाळ्यातला गारवा, उलट्या क्रमाने वाढलेले जंगल, फक्त वर जाण्याचा नियम, डोंगराच्या पोटातला बर्फ, त्या सगळ्याचे मूळ खडकात आहे.

हा खडक मुख्यतः ट्रायासिक काळातला, साधारण २४ कोटी वर्षांपूर्वीचा. त्या वेळी इथे टेथिस समुद्राचे उथळ, उबदार पाणी होते. शैवाले, प्रवाळ आणि शंख-शिंपल्यांचे जीव यांचे अवशेष तळाशी साचत गेले आणि त्यांचे शेकडो मीटर जाडीचे थर तयार झाले. पुढे कार्पेथियन पर्वत घडताना हे थर मूळ जागेवरून सरकून दुसऱ्या खडकांवर येऊन पडले. सह्याद्रीचा काळा कातळ याच्या तुलनेत तरुण आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, आणि तो लाव्हातून जन्मला. दोन्ही प्रदेशांत कडे आहेत, घळी आहेत, धबधबे आहेत. पण पाण्याशी वागण्याची दोन्ही खडकांची रीत निराळी. बेसॉल्टला पाणी घासून आणि फोडून कापते. चुनखडकाला ते विरघळवतेही.

पाऊस पडताना हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळतो. जंगलातल्या मातीतून झिरपताना, कुजणारा पाचोळा आणि मुळांचा श्वास यांमुळे, त्यात आणखी पुष्कळ भर पडते. या सौम्य आम्लापुढे चुनखडक टिकत नाही. भेगा रुंदावतात, भेगांची भुयारे होतात, भुयारांच्या गुहा होतात. म्हणूनच गेरावी, ग्लात्स यांसारख्या पठारांवर भरपूर पाऊस पडूनही ओढे क्वचितच दिसतात. पाणी खळग्यांतून थेट जमिनीत उतरते आणि खूप खाली, घळीच्या तळाशी झऱ्यांच्या रूपाने पुन्हा उजेडात येते. माथ्यावर तहान आणि तळाशी धबधबे, अशी ही रचना आहे.

घळी मात्र केवळ विरघळण्यातून तयार झालेल्या नाहीत. उद्यानाच्या उत्तरेकडून होर्नाद नदी वाहते आणि दक्षिणेकडून ह्निलेत्स. जमीन हळूहळू उचलली जात असताना होर्नादने आपले पात्र खोल कापत नेले. तिला मिळणाऱ्या छोट्या ओढ्यांजवळ तेवढे पाणी नव्हते, तेवढी ताकद नव्हती. मुख्य नदी खाली गेली आणि ओढ्यांची तोंडे वर अधांतरी राहिली. ही उंची भरून काढण्यासाठी ओढे तीव्र उतारावरून धावू लागले, खडकातल्या भेगांच्या आणि प्रस्तरभंगांच्या रेषा धरून मागे मागे, पठाराच्या दिशेने, आपली वाट कोरू लागले. त्यामुळे या घळी लांबीला थोड्या, रुंदीला अगदी कमी आणि चढाला जबरदस्त आहेत. कुठे कुठे दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकावेत इतकीच जागा उरते. पाण्याबरोबर गरगरणाऱ्या गोट्यांनी तळाशी गोल कुंडे कोरली आहेत. कुकडी नदीच्या पात्रातले निघोजचे रांजणखळगे ज्याने पाहिले आहेत, त्याला ही कुंडे ओळखीची वाटतील. खडक वेगळा असला तरी गोट्यांचे काम तेच.

सर्वांत जास्त चालली जाणारी घळ म्हणजे सुखा बेला. स्लोव्हाक भाषेत ‘सुखी’ म्हणजे कोरडा आणि ‘बेला’ म्हणजे पांढरी. संस्कृतातला ‘शुष्क’ आणि मराठीतला ‘सुका’ हे त्या पहिल्या शब्दाचे दूरचे भाऊबंद. हजारो किलोमीटरांवरच्या डोंगरात एका ओढ्याच्या नावात हे नाते जिवंत राहिले आहे, याचा आनंद वाटल्याशिवाय राहत नाही. घळीची वाट पोदलेसोक या वस्तीपासून सुरू होते, साधारण ५४५ मीटर उंचीवर. सुमारे ४ किलोमीटर लांबीत ती जवळजवळ ४०० मीटर चढते. तिला हिरवी खूण आहे: दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये एक हिरवा पट्टा. चेक आणि स्लोव्हाक डोंगरांत खुणा रंगवण्याची ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेली आहे आणि फाट्यांवरच्या पाट्यांवर अंतराऐवजी लागणारा वेळ लिहिलेला असतो. घळीच्या वाटेवर ही पद्धत फार शहाणपणाची ठरते, कारण इथल्या एका किलोमीटरला सपाटीवरच्या तीन किलोमीटरांइतका वेळ सहज लागू शकतो.

सुरुवातीला वाट ओढ्याच्या काठाने जाते. मग काठ संपतो. भिंती जवळ येतात आणि पुढे चालायला ओढ्याखेरीज जागा राहत नाही. पाण्यावर आडव्या ओंडक्यांच्या शिड्या टाकलेल्या असतात. पाऊल ओंडक्यावर, पाणी ओंडक्याखाली. वादळात उन्मळून पडलेली झाडे घळीत आडवी-तिडवी अडकलेली दिसतात. ती हटवली जात नाहीत, वाट त्यांच्याखालून किंवा त्यांच्यावरून जाते. पुढे ‘मिसोवे’ म्हणजे वाडग्यांचे धबधबे लागतात. एकाखाली एक कोरलेल्या कुंडांतून पाणी उड्या घेते आणि त्याच्या अगदी शेजारून लोखंडी शिडी उभी चढते. चढणाऱ्याच्या तोंडावर तुषार येतात, शिडीच्या पायऱ्या कायम ओल्या असतात आणि पाण्याच्या आवाजात मागच्या माणसाची हाक ऐकू येत नाही. आणखी वर ‘ओकिएन्कोवी’ धबधबा आहे. ‘ओकिएन्को’ म्हणजे छोटी खिडकी. खडकात पाण्याने पाडलेल्या भोकावरून हे नाव पडले. त्यानंतर ‘कोरितोवी’, म्हणजे पन्हळीचा. नावे साधी आहेत, पाणी जसे दिसते तशी ठेवलेली, आणि म्हणूनच ती लक्षात राहतात.

बहुतेक घळींमध्ये फक्त वर जाण्याची परवानगी आहे. खाली उतरायला बंदी. पहिल्यांदा येणाऱ्याला हा नियम जाचक वाटण्याचा संभव आहे, परंतु त्याला कारण आहे. ओल्या शिडीवर चढताना डोळ्यांना पायरी दिसते आणि हाताला आधार मिळतो. उतरताना पाय अंदाजाने टाकावा लागतो. शिवाय अरुंद घळीत दोन दिशांची गर्दी समोरासमोर आली तर कुणालाच बाजूला व्हायला जागा नसते. म्हणून घळीतून वर आणि रुंद, सोप्या वाटेने खाली, असाच दिवसाचा आराखडा आखावा लागतो. सह्याद्रीतल्या साम्रद गावाजवळच्या सांदण दरीत नेमके उलटे घडते. तिथे माथ्याकडून शिरून, दोराच्या आधाराने टप्पे उतरत कोकणच्या बाजूला जायचे असते.

सुखा बेलाखेरीज पिएत्स्की, वेल्की सोकोल, क्लाश्तोर्स्का रोक्लिना, सोकोलिया दोलिना या उत्तरेकडच्या महत्त्वाच्या घळी. ‘रोक्लिना’ हाच घळीसाठी स्थानिक शब्द आहे. पिएत्स्कीत शिड्या कमी, पण एका मोठ्या धबधब्याच्या कडेची शिडी चांगलीच उंच आहे. वेल्की सोकोल ही सर्वांत लांब घळ. तिथे गर्दी पातळ असते, त्यामुळे पाण्याचा आणि पक्ष्यांचा आवाज नीट ऐकायचा असेल त्याने तीच निवडावी. सोकोलिया दोलिनातला ‘झावोयोवी’ म्हणजे पदराचा धबधबा उद्यानात सर्वांत उंच, सुमारे ७० मीटरांचा. दक्षिणेला झेयमार्स्का ही एकच घळ शिड्यांच्या वाटेची आहे. ती चढून गेले की माणूस गेरावी पठाराच्या उघड्या गवताळ माळावर येतो.

घळीत शिरल्याबरोबर जो बदल जाणवतो तो उजेडाचा आणि तापमानाचा. उभ्या भिंतींमुळे सूर्य दिवसातून थोडाच वेळ तळापर्यंत पोहोचतो. काही कोपऱ्यांत उन्हाळ्यातही ऊन पडत नाही. गार हवा जड असते, ती खाली उतरून घळीत साचते आणि भिंतींमुळे वारा तिला हलवू शकत नाही. त्यात उडणाऱ्या तुषारांचा ओलावा. पठारावर लोक शर्टाच्या बाह्या दुमडून बसलेले असताना तळाशी अंगावर काटा येतो.

याचा परिणाम जंगलावर झाला आहे, आणि अभ्यासकांना या प्रदेशाकडे ओढणारी सर्वांत मोठी गोष्ट कदाचित हीच असावी. सामान्यतः डोंगर चढत जाताना आधी रुंद पानांची, उबेची झाडे लागतात आणि वर थंडीला सरावलेली सूचिपर्णी. इथे तो क्रम उलटा झाला आहे. घळीच्या तळाशी स्प्रूस आणि फर, त्यांच्या पायाशी नेच्यांची आणि शेवाळांची दाटी; वर, उन्हात तापलेल्या कड्यांच्या माथ्यावर मात्र पाईन आणि कोरड्या, उबदार जागी वाढणारी रोपटी. उंच पर्वतांतल्या वनस्पती घळीच्या गारव्यात आपल्या नेहमीच्या उंचीपेक्षा कितीतरी खाली उतरून राहतात. त्यांतल्या काही हिमयुगाच्या उरलेल्या खुणा आहेत. पिवळ्या फुलांची सायबेरियन लिग्युलारिया हे त्यांचे उत्तम उदाहरण: हिमयुगानंतर हवामान तापले, तिचे बाकीचे सोबती उत्तरेकडे सरकले, ती ओलसर, थंड कोपरे धरून राहिली. कड्यांवर वसंताच्या सुरुवातीला जांभळी पल्साटिला फुलते. तिची ही जात फक्त पश्चिम कार्पेथियन डोंगरांतच आढळते. फुलपाखरे आणि पतंग मिळून २००० हून अधिक जाती या लहानशा प्रदेशात नोंदवल्या गेल्या आहेत. थोड्याशा उंचीत इतकी वेगवेगळी हवामाने एकावर एक रचलेली असल्यामुळेच हे शक्य झाले. जंगलात तपकिरी अस्वल, लिंक्स आणि लांडगा आहेत, पण घळीतल्या वाटसरूला बहुधा डिपर भेटतो: वाहत्या पाण्यात डुबकी मारून तळाशी चालत किडे शोधणारा छोटा, गुबगुबीत पक्षी.

होर्नाद नदीची वाट या सर्वांहून वेगळी. तिथे चढ जवळपास नाही, शिड्याही थोड्याच. आहे ती कड्याला लागून जाणारी पायरी. नदीने अनेक ठिकाणी दोन्ही काठ खाऊन टाकले आहेत आणि खडक थेट पाण्यातून उभे राहतात. अशा जागी कड्यात लोखंडी जाळीच्या पायऱ्या ठोकल्या आहेत, एकेका पावलापुरत्या. स्लोव्हाकमध्ये त्यांना ‘स्तुपाच्की’ म्हणतात. वर हाताशी साखळी, पायांखाली जाळीतून दिसणारी नदी. डोंगरबचाव सेवेच्या माणसांच्या मेहनतीतून ही संपूर्ण वाट १९७४ मध्ये खुली झाली. पोदलेसोकपासून चिंगोव्हपर्यंत सुमारे १२ किलोमीटर चालताना वाटसरू अनेकदा झुलत्या आणि लाकडी पुलांवरून काठ बदलतो. निळ्या खुणेची ही वाट वयस्कर माणसांना आणि थोड्या मोठ्या मुलांनाही झेपते. मात्र ज्यांना उंचीची भीती आहे त्यांनी स्तुपाच्कींचा विचार आधी करावा. वरून हीच घळ पाहायची असेल तर तोमाशोव्स्की विह्ल्याद नावाचा कडा आहे, समुद्रसपाटीपासून ६६७ मीटरांवर. सपाट खडकाच्या काठाला कठडा नाही. खाली जवळपास दीडशे मीटरांवर नदी आणि क्षितिजावर टाट्राची रांग दिसते.

घळींच्या मधोमध, सुखा बेला चढून आल्यावर विसावा घेण्याची जागा म्हणजे क्लाश्तोरिस्को हे पठार. ‘क्लाश्तोर’ म्हणजे मठ. १२४१-४२ मध्ये मंगोल सैन्य या प्रदेशातून गेले, तेव्हा आसपासच्या गावांतले लोक या दुर्गम माथ्यावर लपले. चारी बाजूंनी घळी, वर यायला मोजक्या वाटा: लपण्यासाठी याहून चांगली जागा नव्हती. त्या आठवणीने या ठिकाणाला ‘आश्रयाचा खडक’ असे लॅटिन नाव पडले. १२९९ मध्ये ही जागा कार्थुसियन संन्याशांना मिळाली आणि त्यांनी इथे मठ उभारला. या पंथात मौनाला फार महत्त्व असते आणि प्रत्येक संन्यासी आपल्या स्वतंत्र खोलीत, छोट्या बागेसह, एकट्याने राहतो. हुस्साइट या बंडखोर ख्रिस्ती पंथीयांच्या धाडी आणि पुढे लुटारूंचा उपद्रव सोसून अखेर १५४३ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन करून भिंतींचे अवशेष मोकळे केले आणि जपले. आज तेथे उपाहारगृह, बचाव सेवेची चौकी आणि गवतावर पहुडलेले थकलेले वाटसरू दिसतात. आश्रयाची जागा हे तिचे काम सातशे वर्षांनंतरही संपलेले नाही.

घळी जगापुढे आणण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात मार्टिन रोट यांचे. स्पिश्स्का नोवा वेस शहरातले हे शिक्षक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या घळींमध्ये हिंडले आणि त्यांनी इतरांना इथे येण्याची गोडी लावली. हा भाग तेव्हा हंगेरीच्या राज्यात होता आणि १८७३ मध्ये स्थापन झालेली कार्पेथियन संस्था डोंगर चढणाऱ्यांना संघटित करत होती. एका घळीला आज रोट यांचे नाव आहे.

चुनखडकाचा आणखी एक चमत्कार दक्षिणेकडे, ह्निलेत्स नदीच्या खोऱ्यावरच्या उतारात आहे. गुराखी आणि शिकारी ‘थंड भोक’ म्हणून ज्याला ओळखत, त्या विवरात १८७० मध्ये युजेन रुफिनी आणि त्यांचे साथीदार उतरले आणि आत त्यांना बर्फाचे दालन दिसले. ही दोब्शिनाची बर्फाची गुहा. पुढच्याच वर्षी ती लोकांना खुली झाली आणि १८८७ मध्ये तिथे विजेचे दिवे लागले. युरोपात वीज पोहोचलेल्या अगदी सुरुवातीच्या गुहांपैकी ती एक. गुहेचे तोंड सुमारे ९७० मीटर उंचीवर, उत्तरेकडे तोंड केलेल्या उतारात आहे आणि तिथून ती पोत्यासारखी खाली उतरते. हिवाळ्यात गार, जड हवा त्या पोत्यात ओतली जाते. उन्हाळ्यातली गरम हवा हलकी, ती आत उतरत नाही. छतातून झिरपणारे पाणी गोठत राहते. घळीत गार हवा साचण्याचाच हा प्रकार, फक्त इथे वरून झाकण आहे. अशा रीतीने सुमारे १ लाख १० हजार घनमीटर बर्फ साठला असून त्याची जाडी काही ठिकाणी २६ मीटरांहून अधिक आहे. एके काळी गुहेत स्केटिंगही होत असे. चेकोस्लोव्हाकियाचे आइस स्केटर कारोल दिविन यांनी १९५० च्या दशकात उन्हाळ्यात इथे सराव केला होता. २००० मध्ये ही गुहा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

या घळींना पाण्याइतकाच आगीचाही धोका आहे. कड्यांवरची माती बोटभर जाडीची, उन्हाने कोरडी होणारी, आणि पठारावर विझवायला पाणी नाही. आग लागली की अरुंद घळ धुराड्यासारखी काम करते आणि ज्वाळा वर ओढते. १९७६ मध्ये किसेल घळीत अशी आग लागली. जंगल जळाले, मुळांनी धरून ठेवलेले दगड सुटले, झाडे कोसळली आणि घळ कित्येक दशके वाटसरूंना बंद राहिली. अलीकडे तिथे गिर्यारोहणाचा पट्टा, हेल्मेट आणि कड्यात ठोकलेल्या लोखंडी दोराला अडकवण्याच्या कड्या वापरून चढण्याची वाट तयार झाली आहे. ऑक्टोबर २००० मधल्या आगीने तर सहा माणसांचा जीव घेतला. जंगलात उघड्यावर आग पेटवण्यावरचे निर्बंध इतके कडक का, हे या दोन घटनांवरून समजते.

चालण्यासाठी जून ते सप्टेंबर हा काळ योग्य. त्यातही ऑगस्टमध्ये सुखा बेलाच्या शिड्यांपाशी लांब रांगा लागतात, म्हणून सकाळी सात-आठच्या आत घळीत शिरलेले बरे. पकड चांगली असलेले, घोट्यापर्यंतचे बूट हवेत. ते भिजणारच, हे गृहीत धरावे. हातमोजे शिडीवर कामी येतात, आणि वरून सुटणाऱ्या दगडांसाठी हेल्मेट. उन्हाळ्यात दुपारी वीज-वादळे येतात. पठारावर पडलेला पाऊस पाहता पाहता घळीत उतरतो आणि तिथून बाहेर पडायला बाजूची वाट नसते, त्यामुळे आकाश भरून आलेले असताना घळीकडे फिरकू नये. डोंगरबचाव सेवेची मदत घ्यावी लागली आणि विमा नसला, तर खर्च ज्याचा त्याला भरावा लागतो. परदेशातून येणाऱ्याने ही तरतूद घरूनच करून निघावे.

हिवाळ्यात घळींचे रूप पालटते. धबधबे गोठून निळसर खांब होतात, तुषारांचा बर्फ शिड्यांच्या पायऱ्यांवर जाड थरांनी चढतो आणि काही शिड्या अर्ध्याअधिक बर्फात बुडून जातात. बुटांना लोखंडी दाते लावून आलेली अनुभवी माणसे तेव्हाही चढतात. बर्फाखालून पाण्याचा आवाज येत असतो.